एका वारेवरची दोन बाळं

जुळ्यांच्या सोनोग्राफीत काही बिघडल्याचं दिसलं की घरच्यांचा प्रश्न एकच असतो: दोन्ही जगतील ना? त्या प्रश्नाला आज वैद्यकाजवळ उत्तर आहे आणि ते टक्क्यांत आहे. एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांमधली रक्ताची देवाणघेवाण बिघडली आणि दुर्बिणीतून लेसरने उपचार झाले, तर अलीकडच्या वर्षांत निदान एक बाळ वाचण्याचं प्रमाण सुमारे ८८ टक्के आणि दोन्ही वाचण्याचं सुमारे ६५ टक्के आहे. हे आकडे मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांतून आलेले आहेत. ते प्रामाणिकपणे काढलेले आहेत, आणि हैदराबादेतला भ्रूणवैद्यकाचा डॉक्टर ते सांगतो तेव्हा काही चुकीचं सांगत नाही. तरीही माझं म्हणणं असं, की हैदराबादेत, आणि मोठ्या दुखण्यासाठी हैदराबादेकडे बघणाऱ्या आदिलाबाद-नांदेडच्या पट्ट्यात, बाळं जगतील की नाही हे ठरवणारी एक फार मोठी गोष्ट त्या हिशेबात धरलेलीच नाही. दोघांची वार एकच आहे, हे कितव्या आठवड्यात कळलं, ही ती गोष्ट. ही तारीख हिशेबात आल्याखेरीज जगण्याचं भाकीत इथे अपुरं राहणार, आणि ती तारीख अलीकडे आल्याखेरीज उत्तमातलं उत्तम लेसरही उशिराच पोचणार.

आधी निसर्गाची बाजू पाहू. एकाच बीजातून झालेली जुळी दर हजार प्रसूतींमागे साधारण साडेतीन ते चार असतात आणि हे प्रमाण जगभर जवळपास सारखं आहे. घराण्यात जुळी असणं, आईचं वय, वंश यांचा प्रभाव पडतो तो दोन बीजांच्या जुळ्यांवर. एका बीजाच्या जुळ्यांचं भवितव्य मात्र बीज कितव्या दिवशी दुभंगलं यावर बरंचसं ठरून जातं. पहिल्या तीन दिवसांत दुभंगलं तर दोघांची वार वेगळी होते आणि दोघं शेजारी राहणाऱ्या दोन स्वतंत्र बाळांसारखी वाढतात. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगलं तर पाण्याच्या पिशव्या दोन, पण वार एकच. आणखी उशीर झाला तर पिशवीही एकच, आणि तेराव्या दिवसानंतर दुभंगायला लागलेलं बीज पुरतं दुभंगतच नाही. शरीरं जोडलेली राहतात. हैदराबादच्या निलोफर रुग्णालयात डोकी जोडलेल्या दोन बहिणी वर्षानुवर्षे वाढल्या. देशातल्या आणि परदेशातल्या शल्यविशारदांनी त्यांना तपासलं, शस्त्रक्रियेतून दोघी वाचण्याची शक्यता अजमावली, जोखीम फार मोठी ठरली आणि शस्त्रक्रिया झाली नाही. त्या दोघी शिकल्या, मोठ्या झाल्या. भाकिताने काय करावं याबरोबरच काय करू नये हेही ठरतं, याचं हे याच शहरातलं उदाहरण. पण जोडलेली जुळी अतिशय विरळ. एका बीजाच्या जुळ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक जुळी दुसऱ्या प्रकारची, म्हणजे दोन पिशव्यांत पण एका वारेवर असतात. हा लेख त्यांच्याबद्दल आहे.

एका वारेवरच्या जवळजवळ सगळ्याच जुळ्यांमध्ये दोघांच्या रक्तवाहिन्या वारेच्या पृष्ठभागावर एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेकदा जाणारं आणि येणारं रक्त बरोबरीचं असतं आणि काही बिघडत नाही. दर शंभरांतल्या दहा ते पंधरा जोड्यांमध्ये मात्र तोल जातो आणि रक्त एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतं. देणाऱ्या बाळाचं रक्त कमी पडतं, त्याची लघवी आटते, त्यामुळे भोवतीचं पाणी आटतं, आणि आकसलेल्या पिशवीत ते गर्भाशयाच्या भिंतीला चिकटल्यासारखं अडकून पडतं. घेणाऱ्या बाळाला जास्तीचं रक्त मिळतं. ते मुबलक लघवी करतं, त्याच्या पिशवीत पाणी तुंबतं आणि त्याचं हृदय त्या भाराखाली थकत जातं. ज्याला मिळतं तेही सुखात नसतं, हे लक्षात ठेवलं पाहिजे. डॉक्टर याला टीटीटीएस म्हणतात. देणाऱ्याच्या पिशवीत पाण्याची सर्वांत खोल जागा २ सेंटिमीटरहून कमी आणि घेणाऱ्याच्या पिशवीत ८ हून जास्त, ही त्याची रूढ खूण. याखेरीज वारेचा वाटा असमान मिळाल्याने एकच बाळ खुरटतं, किंवा अगदी बारीक वाहिन्यांतून थेंबाथेंबाने रक्त झिरपत एकाला रक्तक्षय होतो आणि दुसऱ्याचं रक्त दाट होतं, किंवा क्वचित एका गर्भाला हृदयच नसतं आणि दुसरा दोघांसाठी रक्त उपसत राहतो. या प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे, पण मूळ एकच: वार सामाईक.

उपचार न झालेला, पाचव्या-सहाव्या महिन्यातला तीव्र टीटीटीएस दहांपैकी आठ-नऊ बाळांचा बळी घेतो. पूर्वी उपाय म्हणजे घेणाऱ्याच्या पिशवीतलं तुंबलेलं पाणी सुईने काढणं, तेही पुन्हा पुन्हा. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी गर्भाशयात दुर्बीण घालून जोडणाऱ्या वाहिन्याच लेसरने बंद करायला सुरुवात केली. पुढे लंडनला किप्रोस निकोलायडिस आणि फ्रान्समध्ये इव्ह व्हिल यांनी ती पद्धत रुळवली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत १४२ मातांना चिठ्ठी टाकावी तसं दोन गटांत वाटलं होतं. लेसरच्या गटात निदान एक बाळ अठ्ठावीस दिवसांचं होईतो जगण्याचं प्रमाण ७६ टक्के आलं, पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. गेल्या पन्नास वर्षांतल्या प्रसूतिशास्त्रात इतका निर्विवाद निकाल देणाऱ्या चाचण्या थोड्या आहेत, आणि तिचं मोल कमी करण्याचा माझा हेतू नाही.

पण त्या ७६मध्ये ‘निदान एक’ असे दोन शब्द आहेत, आणि दोन बाळांची वाट पाहणाऱ्या घरात ते दोन शब्द सहज ऐकू येत नाहीत. जगणं या एका शब्दाखाली तीन वेगळे हिशेब आहेत: निदान एक जगेल का, दोन्ही जगतील का, आणि हे विशिष्ट बाळ जगेल का. तिसरा हिशेब सर्वांत उपयोगाचा आणि सर्वांत कमी सांगितला जाणारा. देणाऱ्या बाळाच्या नाळेतला रक्तप्रवाह हृदयाच्या दोन ठोक्यांमध्ये थांबत किंवा उलटा फिरत असेल, तर लेसरनंतर त्याच बाळाची शक्यता घटते. कारण वाहिन्या बंद झाल्यावर त्याला वारेच्या स्वतःच्या लहान वाट्यावर जगायचं असतं. घेणाऱ्याच्या बाबतीत हृदयाची अवस्था बोलते. दोघांच्या वजनातली तफावत, आईच्या गर्भाशयाच्या मुखाची लांबी, किती आठवड्यांना शस्त्रक्रिया झाली, हे सगळं त्यात मिसळतं. शिवाय जगणं म्हणजे धडधाकट जगणं नव्हे. लेसरनंतर वाचलेल्या मुलांपैकी साधारण दहांतल्या एकाच्या मेंदूच्या वाढीत पुढे अडचण राहते, आणि हा चौथा हिशेब बहुतेक भाकितांच्या बाहेरच असतो. एकच टक्केवारी सांगून थांबणं म्हणजे चार प्रश्नांना एकच उत्तर देणं.

ही टक्केवारी स्थिरही नाही. लेसरच्या पहिल्या पंचवीस वर्षांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये निघाला, तेव्हा दिसलं की सुरुवातीला दोन्ही बाळं वाचण्याचं सरासरी प्रमाण ३५ टक्के होतं ते ६५पर्यंत चढलं, आणि निदान एक वाचण्याचं ७०वरून ८८पर्यंत. आजार तोच, वार तीच. बदलले ते शल्यविशारदांचे सरावलेले हात, दुर्बिणी, नवजात अतिदक्षता विभाग आणि तंत्र. तंत्राचं एकच उदाहरण देतो. वाहिन्या सुट्या सुट्या जाळण्याऐवजी वारेच्या विषुववृत्तावरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लेसरची सलग रेघ ओढायची, याची चाचणी २७४ मातांवर झाली आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. सलग रेघेच्या गटात पुढे रक्तक्षय-दाट रक्ताची गुंतागुंत ३ टक्क्यांना झाली, जुन्या पद्धतीत १६ टक्क्यांना. तेव्हा कुठलाही जगण्याचा आकडा एखाद्या वर्षाचा, एखाद्या केंद्राचा आणि एखाद्या पद्धतीचा असतो. तो दुसरीकडे नेताना ही तिन्ही विशेषणं त्याच्याबरोबर गेली पाहिजेत, आणि सहसा ती वाटेत गळून पडतात.

यावर तज्ज्ञ म्हणतील, म्हणून तर आम्ही पायऱ्या ठरवल्या आहेत. रूबेन क्विंटेरो यांनी १९९९ मध्ये मांडलेल्या पाच पायऱ्या आजही जगभर चालतात: पहिली, फक्त पाण्याची तफावत, दुसरी, देणाऱ्याचं मूत्राशय दिसेनासं होणं, तिसरी, डॉपलर सोनोग्राफीत रक्तप्रवाह गंभीर बिघडणं, चौथी, बाळाच्या अंगात पाणी होणं, पाचवी, एका किंवा दोन्ही बाळांचा मृत्यू. सर्वांना एकच भाषा मिळाली हा या पायऱ्यांचा मोठा उपकार आहे. पण आजार या पायऱ्या क्रमाने चढत नाही. आज पहिल्या पायरीवर असलेली जोडी पुढच्या तपासणीला पाचव्या पायरीवर सापडू शकते. आणि पहिल्या पायरीचं भाकीत तर स्वतःशीच भांडतं. जुन्या निरीक्षणांच्या एकत्रित आढाव्यात पहिल्या पायरीवरच्या तीन चतुर्थांशांहून अधिक जोड्या तिथेच थांबल्या किंवा सुधारल्या. उलट २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ११७ मातांच्या चाचणीत नुसती देखरेख ठेवलेल्या गटापैकी सुमारे ४१ टक्केच शस्त्रक्रियेविना निभावल्या. मात्र त्याच चाचणीत मेंदूला इजा न होता जगण्याचं प्रमाण लगेच लेसर केलेल्या आणि वाट पाहिलेल्या अशा दोन्ही गटांत जवळपास सारखं, ७८ आणि ७७ टक्के आलं. याचा अर्थ नीट वाचला पाहिजे. वाट पाहणं सुरक्षित ठरलं, कारण वाट पाहणाऱ्यांवर सतत नजर होती आणि बिघडताच लेसर हाताशी होतं. नजर नसताना वाट पाहिली तर ७७ हा आकडा आपला नाही.

पुरावा कुठल्या परिस्थितीत तयार झाला हे विसरलं की काय होतं, याचा धडा हैदराबादच्याच इतिहासात आहे. १८८८ आणि १८८९ मध्ये इथे क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. ब्रिटिश रेसिडेन्सीचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचा पुढाकार आणि सहावे निजाम महबूब अली खान यांचा पैसा. दुसऱ्या आयोगासाठी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. प्रयोग बहुतांशी कुत्र्यांवर झाले आणि निष्कर्ष निघाला की क्लोरोफॉर्मने आधी श्वास थांबतो, हृदय मागाहून. म्हणून भूल देणाऱ्याने श्वासावर लक्ष ठेवलं की पुरे. तो निष्कर्ष जगभर गाजला. पुढे १९११च्या सुमारास गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिलं की हलक्या भुलीत हृदय एकाएकी फडफडून बंद पडू शकतं. हैदराबादच्या प्रयोगांत लबाडी नव्हती. एका परिस्थितीतला निकाल दुसऱ्या परिस्थितीला सरसकट लावला गेला, एवढंच. त्या वेळी आकडा इथून बाहेर गेला होता. आता तो बाहेरून इथे येतो आहे, आणि विचारायचा प्रश्न बदललेला नाही.

आता इथली परिस्थिती. एक वार की दोन, हे ओळखण्याची सर्वांत खात्रीची वेळ अकरावा ते चौदावा आठवडा. त्या दिवसांत दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे भेटतो तिथे वारेचा एक टोकदार सुळका पडद्यात शिरलेला दिसला तर वारा दोन. पडदा पातळ आणि काटकोनात भेटला तर वार एक. चौदा आठवड्यांनंतर हा सुळका विरत जातो आणि निदानाची खात्री कमी होत जाते. एक वार आहे असं ठरलं की सोळाव्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. दोन वारांच्या जुळ्यांना तेवढी गरज नसते. म्हणजे पुढची सगळी साखळी या एका निदानाला लटकलेली आहे. तेलंगणात मात्र लोकांच्या तोंडी असलेली सोनोग्राफी म्हणजे ‘टिफा’, बाळात व्यंग आहे का ते पाहणारी, अठरा ते बावीस आठवड्यांची. २०२२च्या अखेरीस राज्य सरकारने ४४ सरकारी रुग्णालयांत ५६ टिफा यंत्रं बसवली आणि ते काम निःसंशय चांगलं झालं. खासगी केंद्रात ज्या तपासणीला हजारो रुपये पडतात ती गरीब बाईला फुकट मिळू लागली. पण टिफाच्या वेळेला वारेचा प्रश्न विचारायची खात्रीची घटका टळून गेलेली असते, आणि टीटीटीएस बहुधा सोळा ते सव्वीस आठवड्यांत डोकं वर काढत असल्याने कित्येकदा तो तोवर सुरूही झालेला असतो. यंत्र तेच, शिकलेला माणूस तोच. तारीख तेवढी आठ आठवडे उशिराची.

भारतात या उशिराची किंमत इतरत्र असते त्याहून जास्त आहे, आणि त्याचं कारण कायद्यात आहे. इतर देशांत उशिरा आलेल्या बाईची जुळी एक मुलगा आणि एक मुलगी अशी दिसली की प्रश्न सुटतो. भिन्न लिंग म्हणजे दोन बीजं आणि दोन वारा. आपल्याकडे १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानुसार डॉक्टरला हे कोणालाही सांगता येत नाही आणि अहवालात लिहिताही येत नाही. तो मनाशी निष्कर्ष काढू शकेल, पण त्याचा आधार कागदावर उतरणार नाही आणि पुढच्या रुग्णालयातल्या डॉक्टरला तो तपासता येणार नाही. कायदा ज्या कारणाने आला ते कारण इतकं गंभीर आहे की तो सैल करावा असं मी मुळीच म्हणणार नाही. उलट म्हणणं असं, की उशिराची ही पळवाट आपल्याला उपलब्ध नाही, म्हणून लवकरच्या सोनोग्राफीचा आग्रह आपण इतरांहून जास्त धरला पाहिजे. आणि एक जाता जाता: गुंतागुंतीत एका गर्भाची नाळ बंद करण्याचा निर्णय कधी कधी दुसऱ्याला वाचवण्यासाठी घ्यावा लागतो, तेव्हा त्याआडून लिंगनिवड होईल अशी शंका घेतली जाते. एका बीजाची जुळी दोन्ही एकाच लिंगाची असतात. त्या दोघांत निवड करायला लिंग हा आधारच उरत नाही.

मग हैदराबादेत कोणाचं भाकीत केलं जातं? १९४८ मध्ये बोगुलकुंट्यात सुरू झालेलं फर्नांडिस हॉस्पिटल, आणि शहरातली इतर मोठी खासगी रुग्णालयं, यांच्याकडे भ्रूणवैद्यकाचे विभाग आहेत. तिथे बाराव्या आठवड्यापासून नाव घातलेली बाई एका टोकाला. पेटलाबुर्ज किंवा सुलतान बाजारच्या सरकारी प्रसूती रुग्णालयात सातव्या महिन्यात पोट अचानक ताणलं म्हणून येणारी दुसऱ्या टोकाला. आणि नांदेडहून पावणेतीनशे किलोमीटर अंतर कापून येणारी तिसरीकडे. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि राज्यं बदलली तरी दुखणाईताला घेऊन सिकंदराबादची गाडी पकडायची रीत मोडलेली नाही. परदेशी नमुन्यातून काढलेलं भाकिताचं सूत्र या तिघींना त्यांच्या पायरीवरून आणि डॉपलरवरून एकच शक्यता देईल. पण पहिलीची तिसरी पायरी काल लागलेली असेल आणि तिसरीची कदाचित तीन आठवड्यांपूर्वी. त्या तीन आठवड्यांत घेणाऱ्याच्या हृदयावर काय गुदरलं ते आजच्या एका चित्रात पुरतं दिसत नाही. आणि जिची दोन्ही बाळं वाटेतच गेली, ती तर कुठल्याच केंद्राच्या हिशेबात शिरत नाही. केंद्रापर्यंत पोचलेल्यांवरून काढलेली टक्केवारी न पोचलेल्यांबद्दल गप्प असते, म्हणून ती नेहमीच आहे त्याहून आशादायक दिसते.

इथे पहिला आक्षेप येतो तो सार्वजनिक आरोग्यवाल्यांचा, आणि तो हलका नाही. ज्या राज्यात गरोदर बायकांमधला रक्तक्षय, रक्तदाब, गरज नसलेली सिझेरियन ही दुखणी रांगेत आधी उभी आहेत, तिथे इतक्या विरळ आजारावर खर्च का? ढोबळ हिशेब करू. तेलंगणात वर्षाला सुमारे सहा लाख प्रसूती धरल्या तर त्यांत एका बीजाच्या जुळ्यांच्या जोड्या दोन हजारांहून थोड्या अधिक, त्यांपैकी एका वारेवरच्या सुमारे दीड हजारांच्या पुढे, आणि टीटीटीएस त्यांतल्या दीडशे ते अडीचशे. एक बाळ खुरटण्याची गुंतागुंत जवळपास तितकीच आणखी. सहा लाखांत हा आकडा लहान आहे हे खरं. पण मी वेगळा खर्च मागत नाही. अकरा ते चौदा आठवड्यांची सोनोग्राफी गर्भाचं नेमकं वय ठरवते, मोठी व्यंगं लवकर दाखवते, आणि तीच वारेचा प्रश्न सोडवते. त्यासाठी बसवलेली यंत्रं पुरेशी आहेत. हवं ते जुळी दिसताच पडद्याच्या मुळाचा एक फोटो काढायचं शिक्षण. प्रसूतीसाठी सरकारी रुग्णालयात यावं म्हणून तेलंगणाने २०१७ पासून मातांना बारा-तेरा हजार रुपये आणि बाळाच्या वस्तू दिल्या, आणि बायका आल्या. प्रसूतीच्या दिवसासाठी जे जमलं ते तिसऱ्या महिन्यासाठी जमणार नाही असं मानायला कारण नाही.

दुसरा आक्षेप अनुभवी डॉक्टरांचा: ज्याने शेकडो जुळी पाहिली त्याला सूत्र कशाला हवं? अनुभवाचा मला आदर आहे, पण अनुभव ज्या केसेस लक्षात ठेवतो त्या चमत्कारिक असतात, सरासरी नसतात. भाकीत चांगलं की वाईट हे एका केसवरून कळतच नाही. ज्या शंभर जणींना सत्तर टक्के सांगितलं, त्यांच्यापैकी खरोखर सत्तरांच्या आसपास जणींची बाळं जगली का, एवढी एकच परीक्षा त्याला लागू पडते, आणि ती परीक्षा नोंदी ठेवल्याशिवाय देता येत नाही. परदेशी सूत्रालाही हीच परीक्षा. कोणाची जोखीम कोणापेक्षा जास्त हा क्रम ते इथेही बहुधा बरोबर लावेल, कारण रक्तवाहिन्यांचं शास्त्र देश बदलल्याने बदलत नाही. पण जगण्याचं प्रत्यक्ष प्रमाण तीस आठवड्यांच्या बाळाला कुठला अतिदक्षता विभाग मिळाला यावरही असतं. लेसरनंतरची जुळी सरासरी एकतीस ते तेहतीस आठवड्यांच्या दरम्यान जन्मतात. इतक्या कोवळ्या बाळांचं पुढचं आयुष्य रुग्णालयागणिक वेगळं असतं.

तिसरा आक्षेप माणुसकीच्या नावाने येतो: आईला टक्के सांगणं निष्ठुरपणाचं, घरच्यांना ते समजतही नाहीत, तेव्हा ‘बघू, देव आहे’ म्हणावं. न सांगितल्याने काय होतं ते पाहावं. एका वारेवरच्या जुळ्यांपैकी एक पोटातच गेलं की घरात एकच घाई उठते, दुसऱ्याला आता लगेच बाहेर काढा. वास्तविक पहिल्याच्या मृत्यूच्या वेळीच दुसऱ्याचं रक्त जोडवाहिन्यांतून मृत बाळाकडे वाहून गेलेलं असतं. जी इजा व्हायची ती त्या घटकेलाच झालेली असते. उपलब्ध अभ्यासांनुसार अशा वेळी दुसरंही जाण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, आणि वाचलेल्यांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या मेंदूच्या चित्रात बिघाड दिसतो. सत्ताविसाव्या आठवड्यात घाईने सिझेरियन केल्याने ही इजा उलटत नाही, उलट अपुऱ्या दिवसांचं संकट तिच्यावर चढतं. बाळाच्या मेंदूतला रक्तप्रवाह पाहून रक्तक्षय जोखायचा, चार ते सहा आठवड्यांनी एमआरआय करायचा, तोवर गर्भ पोटात वाढू द्यायचा, हा शहाणपणाचा रस्ता आहे. पण ज्या घराला कधी कुठलाच आकडा सांगितलेला नाही ते घर त्या क्षणी थांबायला तयार होणार नाही. शंभरांत पंधरा हे शेतकऱ्याच्या घरातही समजतं. पाऊस, पीक आणि भाव यांचे अंदाज घेऊनच ते घर चालतं. निष्ठुरपणा आकड्यात नसतो, आकडा फेकून निघून जाण्यात असतो. त्यासाठी वेळ काढून बोलणारं माणूस लागतं, आणि हैदराबाद या बाबतीत भाग्यवान आहे: फर्नांडिसने २०११ पासून प्रशिक्षित मिडवाइफ घडवायला सुरुवात केली, आणि पुढे राज्य सरकारने तो मार्ग सरकारी रुग्णालयांत नेला. जुळ्यांच्या आईशी दर दोन आठवड्यांनी बोलायला या बायकांहून योग्य कोण?

उरतो नोंदीचा प्रश्न, आणि तिथे मला सर्वांत जास्त घाई वाटते. बाहेरचं सूत्र आपल्याकडे तपासून पाहायचं तर निदान शंभर मृत्यूच्या आणि शंभर जगण्याच्या घटना हाताशी हव्यात, असा संख्याशास्त्रातला ढोबळ दंडक आहे. एका रुग्णालयाला तेवढ्या जमवायला कित्येक वर्षं लागतील, आणि तोवर लेसरची पद्धत, अतिदक्षता विभाग, सगळं बदललेलं असेल. वरच्या अंदाजाप्रमाणे राज्यात वर्षाला दीडशे-अडीचशे जोड्या असतील, तर पेटलाबुर्ज, सुलतान बाजार, गांधी, निलोफर आणि खासगी केंद्रं यांची नोंदवही एक झाली की दोन-तीन वर्षांत ते जमेल. त्या नोंदवहीत पायरी आणि डॉपलर असतीलच. त्यांच्याबरोबर वार एक असल्याचं कितव्या आठवड्यात कळलं, दोन सोनोग्राफींमध्ये किती दिवस गेले, बाई कुठल्या तालुक्यातून आली, उपचार झाला की खर्च ऐकून ती परत गेली, बाळं कितव्या आठवड्यात जन्मली आणि दोन वर्षांची झाल्यावर चालतात-बोलतात का, हे रकाने हवेत. परत गेलेल्या बाईचा रकाना गाळायचा मोह होईल, कारण तिला शोधून काढणं कष्टाचं आणि तिचा निकाल केंद्राची टक्केवारी खाली ओढणारा. तिच्या गावच्या आशाताईला फोन करून तो रकाना भरावा लागेल.